लीफ्स-ब्रुइन्स प्लेऑफ: कॉर्सी बघायचं की एक्सजी?

मिसिसागाची_मावशी
नमस्कार मंडळी, घरातलं भांडण मिटवायला मदत हवीये. आइस हॉकीत मी पक्की टोरोंटो मेपल लीफ्सची आणि नवरा बोस्टनला शिकलेला म्हणून बोस्टन ब्रुइन्सवाला. 2013, 2018, 2019, 2024 अशी चारदा प्लेऑफच्या पहिल्या फेरीत गाठ पडली, चारही वेळा सातव्या, म्हणजे शेवटच्या मॅचपर्यंत गेलं आणि चारही वेळा आम्हीच हरलो. तो म्हणतो तुमची टीम ऐनवेळी कच खाते, मी म्हणते 28 पैकी 12 मॅच आमच्या, 16 तुमच्या, एवढा काय फरक आहे? आकड्यांनी बघायचं तर नक्की काय बघू? कॉर्सी पुरेल का?

निळी_रेषा
एकटं कॉर्सी नाही पुरणार ताई. त्यात गोलकडे मारलेला प्रत्येक शॉट मोजतात, अडवलेला, बाहेर गेलेला सगळा, पण लांब निळ्या रेषेवरून हाणलेला आणि गोलीच्या (गोलकीपरच्या) पुढ्यात अडून परत आलेल्या पकवर मारलेला, दोन्हीला भाव सारखाच. एक्सजीमध्ये (एक्स्पेक्टेड गोल्स, म्हणजे अपेक्षित गोल) अंतर, कोन, शॉटचा प्रकार बघून गोल व्हायची शक्यता धरतात, म्हणून ते जवळचं. आणि स्कोअर काय होता ते बघाच, पुढे असलेली टीम मागे सरकून बचाव करते, मग पिछाडीवरच्यांचे शॉट आपोआप वाढतात. 2013 ची सातवी मॅच आठवा, तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये लीफ्स 4-1 पुढे, आणि शेवटच्या दीड मिनिटात ब्रुइन्सच्या लुचिच आणि बर्जरॉनने 31 सेकंदांत दोन गोल मारून बरोबरी केली. अशा मॅचचे नुसते शॉट मोजलेत तर फसाल. नॅचरल स्टॅट ट्रिक या आकडेवारीच्या वेबसाइटवर स्कोअर अ‍ॅडजस्टेड (स्कोअर धरून आकडे सुधारणारा) फिल्टर आहे तो लावा.

पेनल्टी_किल
वरचं बरोबर आहे, पण सगळे फाइव्ह-ऑन-फाइव्ह (दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असतानाचा खेळ) घेऊन बसतात आणि 2024 ची मालिका गेली ती पॉवरप्लेमध्ये (समोरच्याला पेनल्टी होऊन त्यांचा खेळाडू कमी असताना), ते मला अजून डाचतं. लीफ्सला 21 संधी, गोल 1!! साधारण टीम 20 टक्के धरली तर चारेक गोल व्हायला हवे होते. मी गणित करून बघितलं, 20 टक्केवाल्या टीमला 21 मध्ये एक किंवा शून्य गोल मिळायची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे नशीब वाईट होतंच पण अगदी अशक्य काही घडलं नाही. त्यात समोर बोस्टनचा गोली स्वेमन, सहा मॅच खेळला आणि फक्त 9 गोल खाल्ले. लीफ्सचे सात मॅचमध्ये मिळून 12 गोल, त्यातले तीन दुसऱ्या मॅचमध्ये, तेव्हा बोस्टनच्या गोलमध्ये उलमार्क होता. गोलीसाठी अपेक्षेपेक्षा किती गोल वाचवले तो आकडा बघा, सेव्ह टक्केवारी नको, तिच्यात सोपे-अवघड शॉट एकाच मापाने मोजतात.

निळी_रेषा
हो, आणि 28 मॅच एकत्र करू नका प्लीज. 2013 ला लीफ्सच्या गोलमध्ये राइमर, पुढच्या दोन मालिकांत अँडरसन, 2024 ला सॅमसोनोव्ह आणि वोल. लीफ्सचे नंतरचे मोठे खेळाडू मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर 2013 मध्ये नव्हतेच. 2024 मध्येसुद्धा नायलँडर पहिल्या तीन मॅच बाहेर, मॅथ्यूज पाचवी-सहावी बाहेर. कुठली टीम कुठल्या टीमशी ताडून बघताय ते आधी ठरवा.

मिसिसागाची_मावशी
खूप आभार दोघांचे! आता फक्त 2024 घेते, फाइव्ह-ऑन-फाइव्ह वेगळं, पॉवरप्ले वेगळा, गोली वेगळा. सातव्या मॅचला नायलँडरने 1-0 केलं तेव्हा मी सोफ्यावरून उठून नाचले होते आणि दीड मिनिटाच्या आत ब्रुइन्सच्या लिंडहोमने बरोबरी केली, मग ओव्हरटाइमला त्यांच्याच पास्टरनाकने गोल मारून जिंकली. नवऱ्याला ती मॅच तोंडपाठ आहे, पण 21 मध्ये 1 हे त्यालाही माहीत नव्हतं, आत्ताच सांगितलं तर चहा खाली ठेवून मोबाईलवर शोधत बसलाय.