रेकॉर्डिंग नीट ऐकू येतं, पण व्हिस्परमधून मजकूर येत नाही

प्रश्न: डायनॅमिक माइक (वीजपुरवठा न लागणारा माइक) एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा जोड) ते ३.५ मिमी केबलने रेकॉर्डरला जोडला आहे. हेडफोनवर आवाज स्वच्छ, दोन्ही चॅनलमध्ये लाटा दिसतात. व्हिस्पर (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं एआय मॉडेल) मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहितं. मॉडेल बदलू का?

उत्तर १: मॉडेलला हात लावू नका. फाइल एकच स्पीकर असलेल्या फोनवर वाजवा. आवाज जवळजवळ गायब झाला, तर दोष केबलचा. एक्सएलआरच्या पिन २ आणि ३ वर तोच सिग्नल उलटसुलट असतो. अशी केबल स्टीरिओ जॅकमध्ये घातली की डावा-उजवा चॅनल एकमेकांच्या विरुद्ध होतात. व्हिस्पर आधी दोन्ही चॅनल मिसळून १६ किलोहर्ट्झ मोनो (एकच चॅनल) करतं. विरुद्ध चॅनलची बेरीज शून्याजवळ येते. शांततेवर ते मनाने वाक्यं रचतं, हे कायम लक्षात ठेवा.

प्रश्नकर्ता: फोनवर खरंच काही ऐकू येत नाही! जुन्या फाइली वाचतील का?

उत्तर १: सगळ्या वाचतील. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टीरिओ टू मोनो’ करा, एक ट्रॅक काढून टाका, उरलेला मोनो वेव्हमध्ये एक्स्पोर्ट करा. आवाज बारीक असेल तर आधी नॉर्मलाइझ, म्हणजे पातळी वाढवून घ्या.

उत्तर २: पुढच्यासाठी केबल बदला: पिन २ ही ३.५ मिमी जॅकच्या टिप (टोक) आणि रिंग (मधली कडी) दोन्हींना, पिन १ व ३ स्लीव्हला (बुडाचा भाग). रेकॉर्डरची प्लग-इन पॉवर (जॅकमधून माइकला मिळणारी वीज) बंद ठेवा, डायनॅमिक माइकला ती लागत नाही. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास पुरे.