मदत हवी आहे: माय आणि अण्णांचं क्रिएटिनिन सारखंच १.३, मग ईजीएफआर वेगळा कसा?

नमस्कार मंडळी, मी वसमत तालुक्यातला, नोकरीमुळं नांदेडला असतो. मागच्या आठवड्यात माय (वय ६२) आणि अण्णा (वय ६७) दोघांचं रक्त एकाच लॅबमधे एकाच दिवशी तपासलं. दोघांचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) १.३ आलं, पण त्याच्या खाली ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) म्हणून ओळ असते तिथं अण्णांचा ६० आणि मायचा ४६. गावाकडच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणले १.३ रेंजमधीच आहे, काही नाही. रेंज ०.६ ते १.४ छापलीय म्हणून तसं म्हणले असतील, पण माझा जीव काही थाऱ्यावर नाही, कारण दिवाळीत दुसऱ्या लॅबमधे मायचं ०.९ होतं, तिथं ईजीएफआर छापलाच नव्हता.

मायला ११ वर्षांपासून शुगर आहे, बीपी आहे, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे. वजन ४४ किलो, अंगावर मास म्हणून नाही. सध्या हळद काढणी-शिजवणी चालू होती, ती दिवसभर उन्हात आणि कढईच्या धगीत, आणि रानात आडोसा नाही म्हणून पाणी मुद्दाम कमी पिते, हे मला आत्ता विचारल्यावर कळलं. गुडघ्यासाठी मेडिकलवरून डायक्लोच्या, म्हणजे दुखीच्या गोळ्या आणते. पदराची गाठ सोडून दाखवली तर आत कागदाच्या पुडीत सहा गोळ्या होत्या, म्हणली रोज एक, काम जास्त असलं की दोन. दोन महिन्यांपासून.

तर किडनी खरंच अर्ध्यावर आली का? लॅबची चूक असू शकते का? आणि कोणता आकडा खरा मानायचा? लवकर सांगा, माय परत रानात जायचं म्हणतीय.

लॅबवाला:
भाऊ, लॅबची चूक वाटत नाही. ईजीएफआर मशीन मोजत नाही, तो क्रिएटिनिन, वय आणि बाई की माणूस एवढ्यावरून हिशोब करून काढलेला अंदाज आहे. त्या हिशोबाचं सीकेडी-ईपीआय २०२१ नावाचं सूत्र लावलं तर ६२ वर्षांच्या बाईला १.३ ला ४६ च येतो, ६७ च्या माणसाला ६०. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, बायांचे स्नायू सहसा कमी, म्हणून त्यांचं रक्तात कमीच असायला पाहिजे. तोच १.३ अण्णांना चालून जाईल, मायला जास्त आहे. बऱ्याच ठिकाणी बाई-माणूस दोघांना एकच रेंज छापतात, तिथंच फसगत होते. त्यात माय एवढी बारीक, म्हणजे अंदाज आहे त्याच्यापेक्षा खरं काम कमीबी असू शकतं. आणि दोन लॅबची पद्धत वेगळी असली तर थोडा फरक पडतो, म्हणून पुढं एकाच लॅबमधे करा.

नर्सताई_परभणी:
दादा, घाबरून जाऊ नका पण थांबूबी नका. ती डायक्लो डॉक्टरांना सांगून आधी बंद करा. ऊन, कमी पाणी आणि वरून पेनकिलर, असं एकत्र आलं की क्रिएटिनिन चढतं, आणि बऱ्याचदा उतरतंबी. एका रिपोर्टवर किडनीचा जुना आजार म्हणत नाहीत, ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने राहिला तर म्हणतात. पण शुगर आहे म्हणून लघवीची एसीआर (लघवीतून प्रथिन किती जातं ती तपासणी) करा, तीच कोणी करत नाही. ३० च्या खाली चांगली, ३० ते ३०० म्हणजे किडनी गळायला लागली, क्रिएटिनिन चांगलं असतानाबी ही वाढलेली असू शकते. मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका, ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर डोस कमी करायचं बघतात, ३० च्या खाली बंद. रक्त द्यायच्या आदल्या रात्री मटण नको, त्यानंबी क्रिएटिनिन वाढतं.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):
उशीर झाला, माफ करा. मायला नांदेडला घेऊन आलो, गोळ्या बंद, पाणी व्यवस्थित, त्याच लॅबमधे परत केलं. क्रिएटिनिन १.०, ईजीएफआर ६४. रिपोर्ट हातात आला तेव्हा पायऱ्यांवरच बसलो मी. पण एसीआर ८५ आली. इथले डॉक्टर म्हणले शुगरमुळं किडनीला सुरुवात झालेली आहे, दुखीच्या गोळ्यांनी वरून ताण आणला. बीपीची गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम आणि आषाढात परत सगळं करायला सांगितलं. गुडघ्याला लावायचा मलम दिलाय, मायला तो काही पटलेला नाही.

लॅबवाले भाऊ, बारीक माणसाला क्रिएटिनिनवरून नीट कळत नाही म्हणून सिस्टॅटिन सी नावाची तपासणी असते असं डॉक्टर म्हणले. नांदेडात किंवा संभाजीनगरात कोणी केलीय का, आणि पैसे किती लागतात?