प्रति: कुंपणं आली आणि खुली शेतं संपली?

आधीच्या पोस्टमध्ये म्हटलंय की जमिनींना खासगी कुंपणं आली आणि इंग्लंडमधली जुनी खुली शेतं, म्हणजे गावातल्या अनेकांनी पट्टे वाटून कसलेली मोठी बिनकुंपणाची शेतं, संपली. बहुतेक पॅरिशांत (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या गावविभागांत) तसंच झालं, पण नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन हे गाव विसरू नका. तिथली वेस्ट, साउथ आणि मिल ही तीन मोठी शेतं अजून पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात. नोव्हेंबरअखेरीस गावचे पंच गव्हाच्या शेतात उतरतात, हद्दी बघतात, खुंट्या ठोकतात. कुणी रस्त्यात किंवा गवताच्या पट्टीत नांगर घातला असेल, तर गावच्याच कोर्टात दंड! आपल्याकडे बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात, म्हणून मला याचं फार अप्रूप. मार्क पिअर्सने काढलेला लॅक्स्टनचा १६३५ चा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्ट्यांबरोबर नांगरणारी माणसंसुद्धा चितारलीत. जरूर बघा.