गरम झाल्यावर बेलरचा थ्रोअर गठ्ठा ट्रॉलीत टाकत नाही

जुना_बेलर
छोटे चौकोनी गठ्ठे बांधणारा जुना बेलर, मागे पॅनवाला हायड्रॉलिक थ्रोअर, म्हणजे तेलाच्या दाबाने पॅन उडवून त्यावरचा गठ्ठा ट्रॉलीत फेकणारा. गिअर पंप बेलरच्या शाफ्टवरून व्ही-बेल्टने फिरतो. सिलिंडर एकाच बाजूने तेल घेणारा, पॅन स्प्रिंगने मागे येतो. सुरुवातीला गठ्ठे ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर आदळतात. अर्ध्या तासाने जेमतेम कठडा ओलांडतात, मग सरळ जमिनीवर. तेलाची पातळी बरोबर, फिल्टर नवा. पंप गेलाय असं सगळे म्हणतात, पण तो मागवण्याआधी खात्री कशी करायची?

तेलगळती
पंपाकडे सगळ्यात शेवटी या. आधी पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्हच्या मधल्या प्रेशर लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दाब दाखवणारा गेज बसवा, रिलीफच्या (दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की तेल टाकीत परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आकड्याच्या साधारण दुप्पट क्षमतेचा, ग्लिसरिन भरलेला. बारीक होज काढून तो ट्रॅक्टरच्या सीटवरून दिसेल असा बांधा. चालू थ्रोअरच्या मागे उभं राहून गेज वाचायचा नाही.

आता गठ्ठा फेकताना काटा बघा. पॅन संथ आणि काटाही खालीच, तर तेलच कमी पोचतंय: बेल्ट, सक्शन (टाकीतून पंपाकडे तेल ओढणारी बाजू), पंप किंवा कुठेतरी आतली गळती. काटा रिलीफच्या आकड्याला टेकतोय तरी पॅन संथ, तर तेल येतंय पण जोर पुरत नाही: गठ्ठा जड, पॅनची पिन जाम किंवा रिलीफ कमीवर सेट.

गठ्ठ्याचं वजन इथे मला कारण वाटत नाही. ऊन चढेल तसं गवत सुकतं आणि तेवढ्याच लांबीचा गठ्ठा हलका होतो, म्हणजे दुपारी तो उलट जास्त लांब जायला हवा.

पाना_नंबर_१९
फिल्टर नवा म्हणताय तो बहुधा रिटर्न लाइनचा. टाकीच्या आत सक्शनच्या तोंडाशी जाळी असते, ती कोणी काढून बघत नाही. तेल उपसा, जाळी डिझेलने धुऊन वाळवा. सक्शन होजही दाबून बघा. जुन्या होजचं आतलं अस्तर सुटतं, गरम झाल्यावर मऊ पडून ओढीने आत चिकटतं आणि थंड झालं की पुन्हा जागेवर! बदलताना आत तारेची गुंडाळी असलेलाच घ्या, साधा होज चपटा होतो.

टाकीत फेस असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. सक्शनच्या जोडांवर एकेक करून ग्रीस थापा, ज्या जोडावर पंपाचा आवाज बदलेल तो जोड चोर. फेस नाही पण पंप खडखडतोय, तर त्याला तेलच मिळत नाही.

बेल्टसाठी सोपी खूण: मशीन बंद करून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने पुली मोजा. आजूबाजूच्या लोखंडापेक्षा पुली खूप तापली असेल तर बेल्ट घसरतोय. बेल्टच्या कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताण वाढवून उपयोग नाही, बदलाच.

जुना_बेलर
जाळी अर्धी तुंबलेली होती, साफ केली. थोडा फरक पडला, पण गरम झाल्यावर काटा अजूनही खालीच राहतो, थंड असताना व्यवस्थित चढतो. फेस नाही, बेल्ट ठीक. सिलिंडरच्या हवेच्या भोकातून तेल येत नाही.

तेलगळती
भोक कोरडं म्हणजे पिस्टनचं सील शाबूत. उरले रिलीफ आणि पंप. गरम असताना मशीन थांबवून रिलीफची बॉडी आणि टाकीतलं तेल, दोन्हींचं तापमान घ्या. बॉडी ठळकपणे जास्त तापलेली असेल तर तेल तिथूनच परत जातंय. खोला: सीटवर कचरा, तुटलेली स्प्रिंग, कडक झालेली ओ-रिंग. किरकोळ खर्चात काम होतं. बॉडी टाकीइतकीच गरम असेल तर बहुधा पंप झिजलाय.

रिलीफचा स्क्रू आवळून वेळ मारून नेऊ नका. झिजलेल्या पंपात दाब वाढवला की आतली गळतीही वाढते, आणि थंड तेलावर जुने होज फुटू शकतात. पंपात नुसतं सील किट टाकूनही भागत नाही, बाजूच्या प्लेटवर चरे पडले असतील तर गळती तशीच राहते.

पाना_नंबर_१९
कुठलाही जोड सोडण्याआधी पी.टी.ओ. (ट्रॅक्टरचा बेलर फिरवणारा शाफ्ट) बंद, इंजिन बंद, चावी खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं. बारीक फवारा शोधायला पुठ्ठा फिरवा, हात नाही. दाबाखालचं तेल कातडीतून आत घुसतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना.

पंप घ्यायचीच वेळ आली तर फिरण्याची दिशा, एका फेरीतलं तेल (सी.सी.), शाफ्टचा प्रकार आणि पोर्टचे आटे जुन्याशी जुळवून घ्या. तुमचा बेल्टवर चालतो, त्यामुळे बाजूची ओढ सहन करणारं बाहेरचं बेअरिंग असलेलाच मागा. कपलिंगवर चालणारा साधा पंप बेल्टवर लवकर खराब होतो. लावताना पंपात आणि सक्शन होजमध्ये तेल भरून घ्या, कोरडा फिरवू नका.