मदत हवी आहे: दिव्याचा ‘ग्लेअर’ आणि वडिलांचा ‘ग्लेअर’, दोन्हींना चालेल असा एकच मराठी शब्द?

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. मुलगा रात्री उशिरा घरी येतो, दार उघडताच व्हरांड्यातल्या उघड्या बल्बचा ‘ग्लेअर’ (glare, डोळ्यांना खुपणारा उजेड) तोंडावर येतो आणि पुढच्याच वाक्यात वडिलांचा ‘ग्लेअर’ (रागाची नजर). शब्द मुद्दाम तोच ठेवलाय. पोराला नेमकं काय सोसवत नाही, दिवा की नजर, ते त्यालाच कळत नाही. दोन वेगळे शब्द घातले की हे सगळं जातं.

इंग्रजीत या शब्दाचा आधीचा अर्थ चमकणं, प्रकाशणं; रागाने बघण्याचा अर्थ मागाहून आला. कथेतही क्रम तोच आहे, म्हणून मी जास्तच अडून बसले आहे.

‘डोळे वटारणे’ दिव्याला चालत नाही. ‘तिरीप’ मला फार आवडतो, पण ती उन्हाची, तिरकी येणारी, आणि तिच्यात राग नाही. ‘प्रखर’ दिव्याला ठीक, पण ‘प्रखर नजर’ म्हटलं की एखादा तेजस्वी पुरुष उभा राहतो. ‘दिपणे’मध्ये कौतुक शिरतं. सगळ्यात जवळ ‘जळजळीत’ येतो, कारण जळजळीत ऊन आणि जळजळीत कटाक्ष दोन्ही आपण सहज म्हणतो. ‘आग ओकणे’चंही तसंच, सूर्यही ओकतो आणि डोळेही. अडचण एवढीच की दोन्हींत उष्णता आहे. इथे बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि बल्बचा उजेड पांढरा, कोरडा. (याच शब्दाच्या तिसऱ्या अर्थाला, म्हणजे उघड दिसणाऱ्या चुकीला, आपल्याकडे ‘ढळढळीत’ किती चपखल आहे! तसं काही इथे सापडायला हवं.)

सध्या ‘रोखणे’वर थांबले आहे: “बल्बचा उजेड त्याच्यावर रोखलेला होता. त्यामागे वडिलांची नजर, तशीच रोखलेली.” वाक्य वाचायला बरं वाटतं, पण डोळ्यांना होणारा त्रास त्यात येत नाही, आणि रागही अर्धाच.

वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा तुमच्या घरच्या बोलीत असा शब्द आहे का, जो उजेडालाही लागतो आणि रागावलेल्या डोळ्यांनाही? क्रियापद असेल तर फारच उत्तम. शब्द सुचवताना तो घरात कसा वापरतात ते एखाद्या वाक्यात लिहिलंत तर मला नीट पारखता येईल.