प्रतिसाद: भुकेचं जनुक आणि प्रजनन

भूक आवरणारं जनुक एकदा मेंदूत पोचवलं की वजनाचा प्रश्न कायमचा सुटेल, हा मुद्दा मला अपुरा वाटतो. लेप्टिनचंच बघा, म्हणजे चरबीच्या पेशींतून स्रवणारं आणि भूक आवरणारं संप्रेरक. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन न बनवणाऱ्या ज्या लठ्ठ उंदरांवरून त्याचं जनुक शोधलं, ते उंदीर वंध्यही होते. पुढे लेप्टिन टोचल्यावर माद्यांना पिल्लं झाली. म्हणजे हे संप्रेरक फक्त भूक कमी करत नाही. गर्भ पोसण्याइतकी चरबी अंगात आहे का, हेही मेंदूला कळवतं. अतिव्यायाम आणि उपासमारीने पाळी थांबते, त्यामागे लेप्टिन घटणं हे एक कारण आहे.

मला खरी काळजी इथे वाटते. चरबी कमी असतानाही जनुक लेप्टिन बनवतच राहिलं, तर शरीराला सुबत्तेचा खोटा निरोप जाईल. इंजेक्शन थांबवता येतं, चेतापेशीत शिरलेलं जनुक काढणं फार अवघड. शिवाय बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूरच असतं, मेंदू दाद देत नाही (जन्मजात अभाव असलेले रुग्ण अगदी विरळ, आणि त्यांना इंजेक्शनने गुण येतो). त्यामुळे अशा उपचाराच्या चाचण्यांत वजनाइतकीच पाळी, शुक्राणू आणि पुढच्या पिढीचीही नोंद व्हायला हवी.