आल्बनीचे देवमासा-शिकार केंद्र: सहलीबाबत

सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.
मंडळाच्या यंदाच्या सहलीसाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आल्बनी शहराजवळील जुन्या देवमासा-शिकार केंद्राचे नाव पुढे आले आहे. माझ्या दोन शंका आहेत. पर्थहून एका दिवसात जाऊन येणे जमेल काय? आणि जिथे वर्षानुवर्षे देवमासे कापले गेले, तिथे मुलाबाळांना घेऊन मौजेसाठी जावे काय? आमच्या घरी मासळीही येत नाही, म्हणून स्पष्टच विचारते.
आपली,
एक सभासद

ताई, नमस्कार.
पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. आल्बनी पर्थपासून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच दिवशी परतायचे म्हटले तर सारा दिवस गाडीतच जाईल. आदल्या रात्री आल्बनीत मुक्काम करावा आणि सकाळी फ्रेंचमन बेच्या रस्त्याला लागावे, म्हणजे अर्ध्या तासात आपण केंद्रावर पोहोचतो.

दुसरी शंका घेऊनच मीही गेल्या वर्षी सहकुटुंब गेलो होतो. चेन्स बीच व्हेलिंग कंपनीने १९५२ पासून २१ नोव्हेंबर १९७८ पर्यंत हे केंद्र चालवले, आणि ऑस्ट्रेलियातील देवमाशांची व्यापारी शिकार इथेच संपली. १९६३ मध्ये हम्पबॅक जातीच्या शिकारीवर बंदी आल्यावर सारा धंदा स्पर्म व्हेल या दुसऱ्या जातीच्या देवमाशांवर उभा राहिला. आता काठावर आणून ठेवलेल्या ‘चेन्स ४’ या शिकारी बोटीवर आपल्याला चढता येते. बोटीच्या नाकाशी हार्पूनची, म्हणजे दोर बांधलेल्या भाल्याची, तोफ आहे आणि कप्तानाच्या जागेपासून तोफेपर्यंत एक अरुंद पूल आहे. देवमासा टप्प्यात आला की कप्तान स्वतः त्या पुलावरून पळत जाऊन तोफ डागत असे. मारलेला देवमासा बुडू नये म्हणून त्याच्या शरीरात हवा भरत.

काठावर ओढून आणल्यावर पुढचे काम उतरत्या लाकडी फलाटावर चाले. लांब दांड्याच्या, हॉकीच्या काठीसारख्या वळलेल्या सुऱ्यांनी चरबीचे पट्टे सोलायचे, वाफेवर चालणाऱ्या करवतीने डोके कापायचे आणि सगळे तुकडे फलाटातील झाकणे उघडून खालच्या शिजवण्याच्या टाक्यांत लोटायचे. तेलाच्या मोठ्या टाक्यांत आता छोटी चित्रपटगृहे केली आहेत. धाकट्याने तिथे हळूच विचारले, ‘बाबा, एवढ्या तेलाचं काय करायचे?’ स्पर्म व्हेलचे तेल तापल्यावरही फारसे पातळ होत नाही, म्हणून यंत्रांच्या वंगणासाठी त्याला मोठी मागणी होती, हे त्याला मी तिथल्याच फलकावरून वाचून दाखवले. मुले रडली नाहीत. प्रश्न मात्र परतीच्या वाटेवर कोजोनपपर्यंत पुरले.

मला सर्वांत पटले ते हे, की केंद्र बंद पडण्यामागचे हिशेब तिथे लपवलेले नाहीत. १९७७ मध्ये शिकारीविरोधी आंदोलक रबरी होड्या घेऊन समुद्रात उतरले होते, हे खरेच. पण तेलाचे गिऱ्हाईक आटत गेले आणि इंधन महागले, हेही तितकेच खरे. सरकारने नेमलेल्या चौकशीचा अहवाल डिसेंबर १९७८ मध्ये आला, तोवर कंपनीने काम थांबवलेले होते. शहरातल्या शंभरेक माणसांच्या नोकऱ्या त्यात गेल्या.
आपला,
सहल समितीतील एक

नमस्कार.
उत्तराने समाधान झाले. आम्ही चौघे येऊ. एक गंमत सांगते. रत्नागिरीच्या मामांना फोनवर हा बेत सांगितला, तर ते म्हणाले, ‘तिकडे देवमाशाची उलटी मिळते का बघ, इकडे लोक त्यापायी तुरुंगात जातात!’

ताई,
मामांना सांगावे की, ‘उलटी’ हे आपल्या वर्तमानपत्रांनी रूढ केलेले नाव. तिचे खरे नाव अंबर. तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात, पचन न झालेल्या माकुलांच्या चोचींभोवती तयार होतो, आणि भारतात तो बाळगणेही वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणू नये हे बरे.

जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान गेल्यास त्याच किनाऱ्यालगत हम्पबॅक आणि सदर्न राइट हे देवमासे दिसण्याचा संभव असतो. वारा बोचरा असतो, म्हणून जाड जॅकेट व कानटोप्या घ्याव्यात. नावे या आठवड्याअखेर कळवावीत, म्हणजे मुक्कामाच्या खोल्या ठरवता येतील.